50 पिल्लांसाठी घरच्या घरी ब्रूडर: पत्रा, दोन घमेली आणि दोन बल्ब

ज्यांनी पहिल्यांदाच गावरान किंवा गिरीराज, वनराजा या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं आणायचं ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. बहुतेक ठिकाणी होतं असं की हॅचरीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राला, फोन होतो, तारीख मिळते, सगळा उत्साह पिल्लं कधी येणार यातच जातो आणि ब्रूडर, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायची जागा, कसा करायचा हा प्रश्न खोका दारात आल्यावर पडतो. तोवर उशीर झालेला असतो. पिल्लू यायच्या आधी एक अख्खी रात्र ब्रूडर चालू पाहिजे, रिकामा का होईना, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

आमचं गाव पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला, डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाडं गोठवणारी थंडी. आमची पहिली बॅच 60 पिल्लांची होती. पडवीच्या कोपऱ्यात फळ्या लावून चौकोनी खोकं केलं आणि मधोमध एकच 200 वॅटचा बल्ब सोडला, झालं ब्रूडिंग असं आम्हाला वाटलं. तिसऱ्या रात्री बल्ब कधीतरी उडाला. पहाटे सासूबाई उठल्या तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली, वरची जिवंत, खालची चेंगरलेली. 19 पिल्लं मी त्या दिवशी बाहेर काढली. नुसत्या थंडीनं तेवढी मेली नसती, ऊब शोधत एकमेकांच्या खाली शिरली आणि गुदमरली. तेव्हापासून आमचा ब्रूडर गोल असतो आणि बल्ब कधीच एक नसतो.

आधी खुडूक कोंबडी बघा

घरात किंवा शेजारी कुणाकडे पिल्लंवाली कोंबडी असेल तर अर्धा तास तिच्याजवळ जाऊन बसा, खरंच बसा. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, 41 अंशाच्या आसपास. पिल्लं तिच्या पंखाखाली शिरतात, ऊब घेतात, बाहेर येतात, दोन दाणे टिपतात, पाणी पितात, गारठली की परत पळत पंखाखाली. अंगण थंडच असतं, गरम फक्त एक जागा असते, आणि त्या जागेवर कधी जायचं आणि कधी बाहेर यायचं ते पिल्लू स्वतः ठरवतं.

ब्रूडर म्हणजे एवढंच. एका जागी ऊब आणि बाजूला पळून जायला मोकळी जागा. नवीन लोक अख्खी खोली भट्टीसारखी तापवतात किंवा छोट्या खोक्यात एवढा मोठा बल्ब लावतात की पिल्लाला पळायला जागाच राहत नाही, मग दुपारी पिल्लं चोच उघडून धापा टाकत मरतात आणि लोक म्हणतात रोग आला. पिल्लाला अंगावर पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, स्वतःची ऊब नीट धरता येत नाही, तेवढे दिवस आपल्याला कोंबडीचं काम करायचंय.

गोल पट्टी

50 पिल्लांसाठी सांगते, तुमची संख्या कमी-जास्त असेल तर त्या हिशोबानं बघा. प्लेन जीआय पत्र्याची 8 बाय 4 ची एक शीट घ्या आणि दुकानातूनच लांबीत मधून कापून आणा. 8 फूट लांब आणि 2 फूट उंच अशा दोन पट्ट्या मिळतात. दोन्ही जोडांना सहा-सहा इंच एकमेकांवर चढवून उभ्या करा, साधारण पावणेपाच फुटाचा गोल होतो. याला चिक गार्ड म्हणतात. आत कुठंही कोपरा नाही, त्यामुळे पिल्लं घाबरली तरी कडेकडेनं फिरत राहतात, ढीग होत नाही. पत्र्याची कापलेली धार फार वाईट असते, जुन्या पाण्याच्या पाइपला उभी चीर देऊन ती धारेवर चढवा, पिल्लासाठीही आणि तुमच्या हातासाठीही. जोड नटबोल्टनं पक्का करू नका, कपड्याचे मोठे चिमटे किंवा बायंडिंग वायर पुरते, कारण आठ-दहा दिवसांनी हा गोल मोठा करायचाय.

पत्रा नको असेल तर फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, बांबूचा तट्ट्या, काहीही चालतं, फक्त तट्ट्या असेल तर आतून गोणपाट लावा म्हणजे फटीतून वारा येणार नाही. पिल्लाला गार हवेपेक्षा जमिनीलगत सरकणारा वाऱ्याचा झोत जास्त मारतो.

हा गोल कुठं मांडायचा, तर पडवी, रिकामी खोली, गोठ्याचा एक आडोशाचा भाग, पण फरशी कोरडी पाहिजे आणि उंदीर-घुशीचं बीळ नको. आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, ब्रूडरची लाइट गावठाणाच्या लायनीवरच घ्या. शेतातल्या शेडमध्ये मोटरच्या लायनीवर ब्रूडर लावला तर दिवसातले ठरावीक तासच लाइट मिळणार, पिल्लं त्यावर जगत नाहीत. शेड शेतातच असेल तर पहिले तीन आठवडे पिल्लं घरी ठेवा, नंतर तिकडं न्या.

घमेलं

बाजारात ऊब खाली परतवणारं पत्र्याचं छत्र मिळतं, त्याला हॉवर म्हणतात. बरेच लोक बांबूची पाटी किंवा डालगं उलटं टांगून आत बल्ब लावतात, जुनी पद्धत आहे आणि ऊब छान धरते, पण बल्ब बांबूला चिकटला तर आग लागते. मी लोखंडी घमेलं वापरते. कुठंही मिळतं, जळत नाही आणि ऊब खाली परतवतं. फोडणीच्या कढईसारखं खोल नको, साधं बांधकामाचं घमेलं घ्या, नवीन घ्या, सिमेंट लागलेलं नको.

घमेल्याच्या बुडाला मधोमध होल्डर बसेल एवढं भोक पाडून घ्या. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लॅस्टिकचा चोवीस तास चालला की वितळतो नाहीतर भेगाळतो आणि बल्ब खाली पडतो. घमेल्याच्या कडेला तीन भोकं पाडून तीन साखळ्या लावा आणि वर एका हुकात अडकवा. घमेलं साखळीवर टांगायचं, लाइटच्या वायरवर कधीच नाही. आणि घमेलं लोखंडाचं आहे, त्यात करंट उतरू शकतो, म्हणून त्याला अर्थिंगची वायर जोडून घ्या, हे काम वायरमनलाच सांगा, शंभर-दोनशे रुपयांकडं बघू नका. बोर्ड गोलाच्या बाहेर आणि उंचावर. पाण्याच्या भांड्याजवळ एकही जोड नको.

अशी दोन घमेली करायची. प्रत्येकात 60 चा बल्ब, दोन्हीची वायर वेगळ्या स्विचवर, म्हणजे एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत तारून नेतो. हिशोब असा की एका पिल्लाला उन्हाळ्यात 1 वॅट आणि थंडीत 2 वॅट धरायचं, म्हणजे थंडीत 50 पिल्लांना 100 ते 120 वॅट. आमच्यासारख्या थंड भागात पौष महिन्यात एका घमेल्यात 100 चा लावावा लागतो. बल्ब जुना पिवळा, तारेचाच पाहिजे. एलईडी लावून पिल्लं गारठवल्याचं मी दोन घरी बघितलंय, त्यांना वाटलं उजेड आहे म्हणजे ऊब आहे. एलईडीला ऊब जवळजवळ नसतेच. पिवळे बल्ब आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून दोन जास्तीचे आधीच आणून घरात ठेवा. वीजबिलाची धास्ती घेऊ नका, 120 वॅट चोवीस तास चालले तर दिवसाला तीन युनिटच्या आतच लागतात.

घमेल्याची कड जमिनीपासून दीड वीत वर ठेवा, आणि दर आठवड्याला चार बोटं वर उचलायची. दोन्ही घमेली एकमेकांना चिकटवून मधोमध टांगा. चहूबाजूंना फूट-दीड फूट थंड पट्टा राहिलाच पाहिजे, तो पिल्लांचं अंगण.

खालची गादी

भाताचं तूस सगळ्यात चांगलं, दोन इंच जाड. लाकडाच्या रंध्याचा भुगा चालतो, पण करवतीचा बारीक भुसा नको, पहिल्या दोन दिवसांत पिल्लू दाणा म्हणून तो खातं आणि पोट भरून उपाशी मरतं. आमच्या भागात साखर कारखान्याचं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, फुकट मिळतं म्हणून लोक टाकतात, भुईमुगाची टरफलंही टाकतात. पूर्ण वाळलेली असतील तर ठीक, पण किंचित जरी बुरशीचा वास आला तर ते उकिरड्यावर टाका. ती बुरशी पिल्लाच्या फुप्फुसात जाते, मग पिल्लू मान वर करून धापा टाकतं, त्यावर औषध चालत नाही. तूस आणलं की एक दिवस कडक उन्हात पसरा.

पहिले तीन दिवस तुसावर कागद अंथरायचा म्हणजे खाद्य दिसतं आणि तूस खाल्लं जात नाही. पण गुळगुळीत वर्तमानपत्र एकच थर टाकलं तर पिल्लांचे पाय घसरतात आणि दोन्ही बाजूला फाकतात, ते पाय नंतर सरळ होणं अवघड. कागद आधी हातात चुरगाळून मग पसरा, किंवा खोक्याचा नळीदार पुठ्ठा खरखरीत बाजू वर करून टाका. चार-पाच थर एकदमच टाका आणि रोज वरचा एक थर घाणीसकट उचला, फार सोपं पडतं.

पिल्लं येण्याच्या पंधरा दिवस आधी जागा झाडून, धुऊन, चुना मारून घ्यायची, आधी तिथं कोंबड्या असतील तर हे जास्तच महत्त्वाचं.

एक रात्र रिकामा चालवा

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं मांडून दोन्ही बल्ब लावा. घमेल्याच्या कडेखाली, तुसापासून दोन इंचावर, म्हणजे पिल्लाची पाठ जिथं येणार तिथं थर्मामीटर टांगा. भिंतीवरचा थर्मामीटर काही कामाचा नाही, पिल्लू भिंतीवर राहत नाही. पहिल्या आठवड्यात तिथं 35 अंश लागतं. मग पहाटे चार-साडेचारला उठून परत बघा, हे टाळू नका, कारण दुपारी 35 दाखवणारा ब्रूडर पहाटे 26 वर येतो आणि पिल्लं पहाटेच जातात. कमी असेल तर घमेलं खाली घ्या, नाहीतर बल्ब वाढवा. रात्रभरात तूससुद्धा गरम झालेलं असतं. थंडगार तुसावर पिल्लू सोडलं तर वरून कितीही ऊब दिली तरी पायातून गारठा चढतो.

पाणीही रात्रीच आत ठेवा म्हणजे सकाळी कोमट मिळेल. 50 पिल्लांना एक लिटरची दोन भांडी आणि खाद्याची दोन ताटं. एकेक पुरतं खरं, पण मग दांडगी पिल्लं पुढं आणि कमजोर मागं राहतात. भांडी ऊब आणि थंड पट्टा याच्या मधे ठेवा, बरोबर बल्बखाली नको, पाणी तापलं की पिल्लं पीत नाहीत.

पिल्लं आली

हॅचरीच्या खोक्यात चार कप्पे असतात, एका कप्प्यात पंचवीस. घेताना तिथंच दोन-चार पिल्लं हातात घेऊन बघा, बेंबी कोरडी आणि मिटलेली, डोळे टपोरे, पाय चकचकीत, आणि उलटं ठेवलं की लगेच उठून उभं राहतं ते पिल्लू चांगलं. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस हॅचरीत पहिल्या दिवशीच टोचलेली असते, ती टोचली का हे विचारून घ्या. शक्यतो सकाळी आणा, म्हणजे त्यांना सवय व्हायला अख्खा दिवस मिळतो. पिल्लाच्या पोटात अंड्याचा बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-अडीच दिवस निघू शकतं, म्हणून प्रवासात उपाशी मरेल ही भीती नको, पण पाणी लवकर मिळालं पाहिजे.

पहिलं पाणी गुळाचं. एक लिटर कोमट पाण्यात मूठभर गूळ चुरून विरघळवा, किंवा इलेक्ट्रोलाइट पावडर असेल तर ती. भांड्याच्या खोबणीत स्वच्छ खडे टाका, पिल्लं आत पडून भिजतात आणि भिजलेलं पिल्लू ऊब असूनही गारठून जातं. मग एकेक पिल्लू उचलायचं, मोजायचं, चोचीचं टोक पाण्यात एकदा बुडवायचं आणि भांड्याजवळच सोडायचं. पन्नासच्या पन्नास. कंटाळा येतो, पण एका पिल्लानं मान वर करून घोट गिळला की बाकीची बघून शिकतात, तरी मी सगळ्यांची चोच बुडवतेच.

दोन-तीन तास नुसतं पाणी, मग खाद्य. पहिल्यांदा मक्याचा बारीक भरडा कागदावर भुरभुरा आणि बोटाच्या नखानं कागदावर टक टक टक वाजवा. कोंबडी चोचीनं असंच वाजवून पिल्लांना बोलावते. आमच्या सासूबाई खाली वाकून तोंडानं कुक कुक करत दोन बोटं कागदावर आपटतात आणि पिल्लं अक्षरशः पळत येतात, मला अजून त्यांच्याइतकं जमत नाही. संध्याकाळपासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, चालू करा. पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला दिवसाला 10-12 ग्रॅम लागतं, थोडं थोडं पाच-सहा वेळा टाका. 50 पिल्लांना पन्नास किलोचं पोतं महिनाभर पुरून उरतं. गूळपाणी पहिल्या दिवशीच, नंतर साधं पाणी, नाहीतर भांडं चिकट होऊन त्यात घाण वाढते.

झोपायच्या आधी एक तपासणी करा. पाच-सहा पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नाची पिशवी दोन बोटांनी हलकेच चाचपा. मऊ, भरलेली, भिजवलेल्या कणकेच्या गोळीसारखी लागली तर पिल्लू खातंय, पितंय. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी नाही मिळालं. रिकामी असेल तर ते पिल्लू वेगळं काढून परत चोच बुडवा. आणि त्याच वेळी पिल्लाचे पाय तुमच्या गालाला लावून बघा. पाय गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणू दे, ब्रूडर थंड आहे.

पिल्लं काय सांगतात

थर्मामीटर पहिल्या रात्री लागतो, त्यानंतर खरं सांगायचं तर पिल्लांकडंच बघायचं. सुपातून ज्वारी सांडावी तशी सगळ्या गोलात पसरलेली असतील, काही खातायत, काही पितायत, काही पाय ताणून झोपलीयत आणि बारीक समाधानी चिवचिव चाललीय, तर हात लावू नका. बल्बखाली गच्च गोळा होऊन कर्कश, एकसुरी चीं चीं करत असतील तर थंडी वाजतेय, घमेलं चार बोटं खाली. सगळी पत्र्याला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी आणि आवाज एकदम बंद असेल तर तापलंय, लगेच घमेलं वर घ्या किंवा एक बल्ब बंद करा. आणि एकाच बाजूला अर्धगोल करून बसली असतील तर समोरच्या बाजूनं वारा येतोय, ती फट शोधा.

एकदा कान तयार झाला की शेजारच्या खोलीत झोपूनसुद्धा आवाजावरून कळतं. पहिले चार दिवस मात्र रात्री दोनदा उठायचं, याला पर्याय नाही.

लाइट गेली तर काय याची तयारी पहिल्याच दिवशी करून ठेवा. मी रिकाम्या दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, पोत्यात गुंडाळून गोलात मधे ठेवते आणि वरून अर्ध्या गोलावर चादर टाकते, दोन-तीन तास सहज निघतात, मग पाणी बदलायचं. बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, बाटली आकसते आणि फुटते, हात सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पुरे. काही जण मडक्यात निखारे ठेवतात. ठेवायचेच असतील तर बाहेर पूर्ण फुलवून, धूर संपल्यावर, राखेनं झाकून ठेवा आणि खोलीची वरची खिडकी उघडी असू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, त्या हवेला वास नसतो, त्यात पिल्लंही जातात आणि माणसंही.

खिडक्यांना पडदे लावताना सगळ्यांची हीच चूक होते, थंडी म्हणून वरपासून खालपर्यंत ताडपत्री लावतात. वरचा फूट-दीड फूट मोकळा ठेवा. सकाळी गोलाजवळ खाली बसून पिल्लाच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तूस ओलं झालंय आणि वायू साठलाय. उभं राहून वास येत नाही म्हणून सगळं ठीक असं समजू नका.

वरून अर्धा इंची जाळी टाका. मांजर, घूस, मुंगूस, धामण, कुणालाही पिल्लं वर्ज्य नाहीत आणि घूस एका रात्रीत पाच-सात ओढून नेते. मुंग्यांसाठी पत्र्याच्या बाहेरून चुन्याची जाड रेघ ओढा, सांडलेलं खाद्य रोज झाडा, आत कुठलंही फवारणीचं औषध मारू नका.

पुढचे आठवडे

दर आठवड्याला 3 अंश उतरवायचं, 35, मग 32, मग 29, मग 26, आणि ते घमेलं वर उचलूनच होतं. आठव्या ते दहाव्या दिवशी तिसरी 8 फुटी पट्टी जोडा, गोल सात फुटाच्या वर जातो आणि पिल्लांना पळायला जागा होते. जागा कमी पडली तर ती एकमेकांची पिसं टोचायला लागतात आणि एकदा रक्त दिसलं की थांबत नाहीत. पाण्याची भांडी विटेवर चढवा, कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आली पाहिजे, नाहीतर पायानं तूस उकरून पाण्यात टाकतात.

रोज पिल्लांची मागची बाजू बघा. विष्ठा वाळून गुद बंद झालं असेल तर ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करा, पुसा, कोरडं करून परत उबेत सोडा. दोन-चार पिल्लांना होतंच, पण निम्म्यांना झालं तर ऊब चुकतेय किंवा रोग आहे, डॉक्टरांना दाखवा.

लसीचं पाचव्या ते सातव्या दिवशी बघा. मानमोडी रोगासाठी लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत लासोटा, देवीची लस सहा आठवड्यांनंतर. लस बर्फातच आणायची, थर्मासमध्ये, आणि विरघळवली की दोन तासांत संपवायची. कुपी बहुधा शंभर डोसची किंवा त्याहून मोठी असते, म्हणून वाडीतल्या दोघा-तिघांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर एका कुपीत सगळ्यांचं होतं. आमच्याकडं आता तसंच ठरवून करतात. आजारी, मलूल पिल्लांना लस देऊ नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

पावसाळ्यात बॅच घेणार असाल तर सगळं लक्ष तुसावर. तूस मुठीत दाबलं आणि गोळा झाला तर ओलं आहे, ते काढून कोरडं टाका, रोज वर-खाली हलवा, थोडा विरलेला कोरडा चुना मिसळा. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण ओल्या तुसातूनच येते, पंख पाडून बसलेली पिल्लं आणि विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा, विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी हवाच 40 च्या वर असते, तेव्हा दिवसा बल्ब पूर्ण बंद ठेवा, खिडकीला ओलं गोणपाट लावा, पाणी दर दोन तासांनी बदला आणि बल्ब फक्त रात्री-पहाटे, तेही पिल्लांकडं बघून. अशा वेळी दोन आठवड्यांत ब्रूडिंग संपतं. थंडीत तीन ते चार लागतात.

फक्त दहा-पंधरा पिल्लं असतील तर एवढा पसारा नको. टीव्हीचं मोठं खोकं, चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई, एका टोकाला घमेल्यात 40 चा बल्ब आणि दुसऱ्या टोकाला पाणी. दुसरा बल्ब त्यातही पाहिजे, 25 चा का होईना. पुठ्ठा आणि बल्ब यांत वीतभर अंतर सोडा, आणि आठ-दहा दिवसांत ते खोकं लहान पडतंच, तेव्हा मोठी जागा आधीच बघून ठेवा.

बल्ब एकदम बंद करायचा नाही. पंखांवर आणि पाठीवर पिसं आली की आधी दुपारचा बंद, दोन-तीन दिवसांनी संध्याकाळपर्यंत बंद, मग फक्त पहाटे, मग पूर्ण. पहिल्या बिनबल्बच्या रात्री जाऊन बघा, पिल्लं सैलसर बसली असतील तर झालं, ढीग करत असतील तर अजून चार दिवस लावा. याच दिवसांत एक बांबू जमिनीपासून वीतभर उंच आडवा बांधा, त्यावर चढून बसायला लागली की रात्री गोळा होणं आपोआप कमी होतं.

पिल्लं खुराड्यात गेली की तूस शेणखताच्या खड्ड्यात टाका. पट्ट्या, घमेली, भांडी साबणाच्या पाण्यानं घासून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, बल्ब काढून पुसून खोक्यात, होल्डरमधली धूळ कोरड्या ब्रशनं काढा. आणि त्या जागेत पंधरा दिवस तरी एकही कोंबडी जाऊ देऊ नका, पुढच्या बॅचची तारीख हे पंधरा दिवस मोजूनच घ्या.